जिन्यावरचं गेट

त्या रविवारी दुपारी चहाचे कप रिकामे व्हायच्या आत घराचा सगळा कारभार सूनबाईच्या नावावर झाला होता. तिला ते इतकं गोड वाटलं, की आपल्याला कारभार मिळत नसून आरोप मिळतोय हे कळायला दुसरा चहा व्हावा लागला.

सुरुवात ताईंनी केली. ताई म्हणजे तिची थोरली नणंद. ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात बसून लोकांना त्यांच्या स्वप्नातल्या सुट्टीवर पाठवायच्या, आणि स्वतःची सुट्टी भावाच्या घरी काढायच्या. ताई म्हणाल्या की वरच्या मजल्याचं सगळं हीच बघते, हिच्याशिवाय वरचं पानही हलत नाही. नवऱ्यानं लगेच दुजोरा दिला. तो लिफ्ट तपासणारा इंजिनिअर. एरवी कुठल्याही प्रश्नाला ‘बघून सांगतो’ असं उत्तर देणारा माणूस, पण आज न बघताच म्हणाला की खरंय, तिची शिस्तच वेगळी आहे. आणि सासूबाई, ज्यांनी आजवर तिच्या हातच्या चहालासुद्धा ‘बरा’च्या पुढे कधी मार्क दिले नव्हते, त्यांनीही मान डोलावली. सूनबाई लाजली. हे वाक्य ऐकायला या घरात किती वर्षं काढली होती तिनं.

सासरे गेल्यावर वरचा मजला रिकामा पडला होता. विकायचा की ठेवायचा यावरून या घरात जे व्हायचं ते होऊन गेलं. शेवटी ताईंनी तोडगा काढला, की दोन-चार दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना ॲपवरून भाड्यानं द्यायचा. घर सासूबाईंचं, ॲपवर नाव आणि हसरा फोटो ताईंचा, आणि उरलेलं, म्हणजे चादरी, किल्ल्या, गिझर, ‘वायफाय चालत नाहीये’ आणि ‘इथून स्टेशन किती लांब’, हे सूनबाईचं. पाहुणे जाताना शेरा लिहीत: घर लख्ख, यजमानीण प्रेमळ. ताई तो शेरा घरच्या ग्रुपवर टाकत, ताईंना टाळ्या पडत, आणि सूनबाई मोरीच्या जाळीतून कुणाचे तरी केस काढता काढता, ओल्याच अंगठ्यानं आपलीही एक टाळी त्यात टाकत असे.

आज टेबलावर शेरा नव्हता, नोटीस होती. म्हणून वकीलमामांना बोलावलं होतं. मामा सासूबाईंचे धाकटे भाऊ. जन्मभर घरमालक आणि भाडेकरू यांची भांडणं लढवून आता अर्धे निवृत्त झालेले. उरलेले अर्धे नातेवाइकांच्या वाट्याला येत. टेबलाच्या कोपऱ्याला सूनबाईनं बाळाच्या डोक्याला लागू नये म्हणून फोमचा तुकडा चिकटवला होता, त्यावर कोपर टेकवून त्यांनी नोटीस पुन्हा वाचली.

झालं होतं ते असं. नातीच्या पदवीदानासाठी एक निवृत्त मुख्याध्यापिका वरच्या मजल्यावर उतरल्या होत्या. सकाळी खाली येताना जिन्याच्या माथ्यावर त्यांना ठेच लागली, मधल्या वळणापर्यंत घरंगळत आल्या, उजवं मनगट मोडलं. खोली त्यांच्या मुलानं बुक केली होती आणि नोटीसही त्यानंच पाठवली होती. पण मागणी मनगटापुरती नव्हती. आई आता कायमची परावलंबी झाली, तिचा तोल जातो, तिला एकटं राहणं अशक्य, तिचं घर बंद करून तिला आपल्याकडे आणावं लागणार, देखभालीला बाई ठेवावी लागणार, तर या सगळ्याची भरपाई द्या, असं होतं.

आणि ठेच लागली होती ती सूनबाईच्या गेटची.

पिल्लू, म्हणजे तिचं दोन वर्षांचं लेकरू, ती वर साफसफाईला गेली की मागोमाग यायचं आणि जिन्याकडे पळायचं. म्हणून तिनं जिन्याच्या माथ्यावर लहान मुलांसाठी मिळतं तसं अडसराचं गेट बसवलं होतं. घेण्याआधी तिनं एवढी माहिती वाचली, की तेवढ्यात दुसरी एखादी पदवी आली असती. गेटसोबतचं पत्रक तर तिनं शेवटच्या पानापर्यंत, ज्या भाषा येत नव्हत्या त्यांच्यासकट पाहिलं होतं. त्यात एक चित्र होतं: जिना, माथ्यावर गेट, आणि त्यावर मोठी लाल फुली. तिनं अर्थ लावला, की हे गेट लावलं की जिन्यावरून पडणं बंद. प्रत्यक्षात ते गेट दाराच्या चौकटीत बसवायचं होतं. जिन्याच्या माथ्यावर लावू नका, असं ते चित्र जीव तोडून सांगत होतं, कारण दार उघडलं तरी खालची लोखंडी पट्टी जागेवरच राहते आणि ती नेमकी पायात येते. कॉलेजात ती पहिल्या वर्गात पास झाली होती. चित्रं वाचायचा पेपर तिथे नव्हता.

मामांनी गेटवरच्या पाटीचा फोटो पुढे केला. ‘सावधान. येथे पडण्याची शक्यता आहे. कृपया काळजी घ्यावी.’ घरभर तिच्या हातच्या अशा पाट्या होत्या. गिझरवर, खिडकीवर, अगदी पाट्या काढू नयेत अशीसुद्धा एक होती.

“हे तू लिहिलंस?” मामांनी विचारलं.

“हो,” सूनबाई म्हणाली. अक्षराचं कौतुक होईल असं तिला क्षणभर वाटलं.

“म्हणजे इथे माणूस पडू शकतो हे तुला आधीपासून माहीत होतं, आणि ते तू ठळक अक्षरांत लिहून, वर लॅमिनेट करून ठेवलंस.”

“पाण्यानं खराब होऊ नये म्हणून,” ती म्हणाली.

मामांनी डोळे मिटले. मग ते सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगू लागले, की असल्या भांडणात कायदा तीन गोष्टी विचारतो. जागा कोणाची, पाहुण्याला आत बोलावलं कोणी, आणि रोजच्या रोज त्या जागेवर ताबा कोणाचा. ॲपवाले केव्हाच हात झटकून मोकळे झालेत. त्यांचं म्हणणं आम्ही फक्त ओळख करून देतो, पुढे तुम्ही नांदा नाहीतर भांडा. म्हणजे उरले या टेबलाभोवतीचे. धोका कोणाला माहीत होता, आणि माहीत असून कोणी काही केलं नाही, यावर सगळं फिरणार.

तेव्हा दुसरा चहा आला, आणि ताईंच्या कौतुकाचा अर्थ लागला.

ताईंची योजना साधी होती. उत्तर सूनबाईच्या सहीनं द्यायचं. गेट तिनं स्वतःच्या मनानं लावलं. मालकिणीला त्याची कल्पना नव्हती, ॲपवरच्या यजमानांना तर नव्हतीच. शिवाय बाईंचं वय झालेलं, त्यात त्यांचा तोल गेला, हे मुलगा स्वतःच कबूल करतोय. आणि मुख्य म्हणजे हिच्या नावावर काही नाही. घर नाही, गाडी नाही, नोकरी होती तीही पोटात बाळ आल्यावर सोडली. समोरचा मागून मागून मागणार काय?

टेबलाभोवती सगळ्यांनी सूनबाईकडे नव्यानं पाहिलं. तिचं काहीच नसणं ही या घराची सर्वांत भक्कम मालमत्ता निघाली होती.

मामांना ते पटत होतं असं नाही, पण त्यांनी खोडूनही काढलं नाही. त्यांनी कच्चा मसुदा आधीच करून आणला होता. तो तिच्यापुढे सरकवून ते बाथरूमकडे गेले.

मसुद्यात तिचं नाव होतं आणि पुढे शब्द होता: निष्काळजीपणा. सूनबाई त्या शब्दाकडे पाहत राहिली. जिनं रात्री उठून पिल्लाच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासावा, द्राक्षाचे चार तुकडे करून पुन्हा त्या चारांचे आठ करावेत, तिला कुणी दुसरं काहीही म्हणावं, पण हे? यापेक्षा खून परवडला असता.

पण तिला खुपत होती ती ओळ वेगळी होती. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की सदर पाहुण्यांचा वयोमानामुळे तोल गेल्यानं अपघात घडला.

याबाबत घरातल्या कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट होती. नोटीस आली त्या दिवशी मामांनी बजावलं होतं, की समोरच्या पक्षाला कुणी फोन करायचा नाही आणि माफी तर मुळीच मागायची नाही. माफी म्हणजे कबुली. सूनबाई अशी, की खुर्चीला धक्का लागला तरी खुर्चीला सॉरी म्हणणार. ती त्या दिवसापासून रोज गच्चीत कपडे वाळत घालायला जायची आणि चिमटे तोंडात धरून मुख्याध्यापिका बाईंना फोन करायची. पहिल्या दिवशी बाईंनी तिची माफी शेवटपर्यंत ऐकून घेतली, आणि निबंध तपासून परत द्यावा तसं म्हणाल्या, भाषा चांगली आहे, मुद्दा नाही. मी कशानं पडले ते सांग.

गेटच्या पट्टीनं, असं ती म्हणाली होती.

मग हे कागदावर लिहून दे, असं बाई म्हणाल्या. त्यांचा मुलगा वाईट नव्हता, पण दोन वर्षं तो त्यांच्या मागे लागला होता, की आता एकटी राहू नकोस. आता त्याच्या हातात मनगट सापडलं होतं. तो म्हणणार आईचा तोल गेला, तुमचे वकीलही तेच म्हणणार, आणि दोन भांडणारे पक्ष मिळून माझ्या दाराला कुलूप लावणार. “मी तोल जाऊन पडले नाही, अगं,” बाई म्हणाल्या होत्या. “मला ठेच लागली. ठेच कुणालाही लागते. तोल जातो तो म्हाताऱ्यांचा.”

सूनबाईनं शब्द दिला होता. चिमटा तोंडात असला तरी शब्द तो शब्दच.

“वाचलंस ना?” ताई म्हणाल्या. आवाज एकदम मऊ. तू या घरासाठी एवढं करतेस, त्यात ही एक सही काय जड आहे, कोर्टात काही जायचं नाहीये तुला, मी आहे ना, असं त्या बोलत राहिल्या. पेन द्या कुणीतरी, असंही म्हणाल्या. पेन खणात होतं. खणाला मुलांनी उघडू नये असली कडी होती, जी ताईंना उघडेना, नवऱ्याला उघडेना. शेवटी सूनबाईच उठली, खण उघडला, आणि आपल्याविरुद्ध वापरायचं पेन आपल्याच हातानं काढून टेबलावर ठेवलं. वर म्हणाली, “सॉरी हं, ती कडी जरा घट्ट आहे.”

मामा परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हरलेल्या खटल्याचा भाव होता.

“त्या कमोडच्या झाकणाला काय केलंयस, सूनबाई?”

“दोन्ही बाजूंनी दाबायचं आणि मागे ओढायचं, मामा. पिल्लू खेळणी टाकतं म्हणून.”

“राहू दे,” मामा खुर्चीत बसत म्हणाले. “घरी जाईपर्यंत धीर धरतो.”

नवरा हसला. ती हसली नाही, आणि तेवढ्यावरून सासूबाईंच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. त्यांनी कप खाली ठेवला.

“मी सही करते,” सूनबाई म्हणाली. “निष्काळजी म्हणा मला, काय म्हणायचं ते म्हणा. पण ही तोल गेल्याची ओळ काढा. त्यांचा तोल गेला नाही.”

“तुला काय माहीत?” ताई म्हणाल्या.

“त्यांनीच सांगितलं.”

मामांनी सावकाश विचारलं, कधी. ती म्हणाली, रोज. मग तिनं सगळं सांगून टाकलं: गच्ची, चिमटे, बाईंचं घर, दिलेला शब्द. मामांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. एवढ्या वर्षांच्या वकिलीत अशीलच समोरच्या पक्षाला रोज नियमानं कबुलीजबाब देतंय असं त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि तेही इतक्या शुद्ध मराठीत. ताई मात्र तापल्या. म्हणाल्या, वय झालेल्या बाईला साधं गेट उघडता आलं नाही, ती त्याला अडकून पडली, आणि तू तिची वकिली करतेस.

“त्यांना उघडता आलं होतं, ताई. पहिल्याच झटक्यात. उघडून पुढे निघाल्या आणि खालची पट्टी लागली.”

“शक्यच नाही,” नवरा म्हणाला.

त्यानं ते इतक्या मनापासून म्हटलं, की सगळे त्याच्याकडे वळले.

“का शक्य नाही?”

“नाही म्हणजे,” तो म्हणाला, “ते उघडतच नाही.”

सूनबाई त्याच्याकडे पाहत राहिली. गेट लावून महिने झाले होते. गिझर बघायला, गच्चीवर, टाकीत पाणी किती आहे ते पाहायला हा माणूस रोज वर जात होता. मग जात होता कसा?

कुणी ‘चला’ म्हटलं नाही, पण सगळे उठले आणि जिना चढून वर गेले. पिल्लू तिच्या कडेवर. मामांनी आधी प्रयत्न केला. वरचं बटण दाबायचं, दाबून धरायचं आणि त्याच वेळी दार उचलायचं, असं तिनं सांगितलं. मामांनी दाबलं, उचललं, सोडलं, पुन्हा दाबलं, आणि शेवटी गेटला एक कायदेशीर शिवी दिली. ताईंनी नखांचं कारण सांगून हातच लावला नाही. सूनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं एक सुस्कारा सोडला, कठड्यावर हात टेकवला आणि एकापाठोपाठ एक दोन्ही पाय गेटवरून इतक्या सफाईनं पलीकडे टाकले, की त्यात महिन्यांचा सराव दिसला.

“तू लिफ्ट तपासतोस,” ती म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

“पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला,” तो पलीकडून म्हणाला. “अशी पट्टी जिन्याच्या तोंडाशी चालत नाही. एखाद्या इमारतीत दिसली असती तर लिफ्ट बंद करून आलो असतो.”

“आणि घरात?”

तो काही बोलायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी कठडा धरला, आधी उजवा पाय, मग जरा थांबून डावा, आणि त्याही पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर काही विशेष केल्याचा भाव नव्हता.

“आई, तुम्हीसुद्धा?”

“मग काय, वाळलेले कपडे आणायला उडत जाऊ वर?”

सूनबाईचे डोळे भरून आले. एवढ्या सगळ्यांना माहीत होतं, सगळे जीव मुठीत धरून तिच्या गेटवरून उड्या मारत होते आणि तिला एका शब्दानं कुणी सांगितलं नाही. तिनं तसं म्हटलं. नवरा जिन्याकडे पाहू लागला. सॉकेटच्या झाकणांबद्दल मी एकदा काहीतरी बोललो होतो, तेव्हापासून ठरवलं, पुन्हा काही बोलायचं नाही, असं तो पुटपुटला. सासूबाईंनी मात्र आडपडदा ठेवला नाही.

“तुला कोण सांगणार, बाई? तुला काही म्हटलं की तू माफी मागतेस. इतकी मागतेस, इतकी मागतेस, की म्हणणाऱ्यालाच वाटतं आपण खून केला. त्यापेक्षा पाय उचललेला बरा.”

कडेवरच्या पिल्लानं तिचा गाल ओढला. आजवर ती समजत आली होती, की या घरात आपण सगळ्यांना घाबरून असतो. तीच कथा तिनं बहिणीला, मैत्रिणींना, आरशाला सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी अधिक बिचारी होत गेली होती. आणि इथे सत्तरीची सासू तिच्या धाकानं मुकाट गेटवरून चढून जात होती. तिच्या तोंडावर ‘सॉरी’ आलं. तिनं ते गिळलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

मामा जिन्याच्या माथ्यावरच बसले होते. म्हणाले, मालकिणीला माहीत नव्हतं हे वाक्य आता मी लिहू शकत नाही. मी कधी तसलं काही लिहिलं नाही असं नव्हे, पण ते ऐकीव असलं की चालतं. मालकिणीला डोळ्यांदेखत गेट ओलांडताना पाहिल्यावर पेन चालत नाही. ताई म्हणाल्या, घरातली गोष्ट घरात राहील, बाहेर कोण सांगणार आहे. हे सगळं आईसाठीच तर चाललंय. वर पाहुणे आले नाहीत तर एवढं मोठं घर सांभाळायचं कसं, आणि खरं सांगायचं तर आईनं आता माझ्याकडे यावं हेच बरं, हे जिने, या गच्च्या, उद्या तीच पडली म्हणजे?

“पडले तर काय लिहाल?” सासूबाईंनी विचारलं.

कुणाला कळलं नाही त्या काय म्हणताहेत.

“मी उद्या या पट्टीला अडखळून पडले असते, तर तुम्ही काय म्हटलं असतं? पट्टी लागली म्हणाला असता, का आईचा तोल गेला म्हणाला असता?”

नवऱ्यानं कठड्यावरचा रंग नखानं खरवडायला घेतला. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, आणि तेच अडचणीचं होतं.

“त्या बाई माझ्या वयाच्या आहेत,” सासूबाई भावाला म्हणाल्या. “लिही तू. घर माझं, गेट आमचं, पट्टी धोक्याची होती आणि ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांची चूक नाही. वयाचा शब्दसुद्धा नको त्यात.”

“अक्का, असं लिहिणं म्हणजे गळा आपणहून पुढे करणं.”

“मग कर पुढे. घर वाचवायला दुसऱ्या बाईचं घर बंद करायचं नाही मला.”

मामांनी खिशातून नोटीस काढली आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून मधली पानं पुन्हा पाहिली. वाचता वाचता ते सरळ होऊन बसले. म्हणाले, थांबा जरा. मुलाची मागणी मनगटाची नाहीच आहे. मनगट जेमतेम दोन ओळींत आहे. बाकी सगळं आहे ते आई परावलंबी झाली, तोल जातो, एकटी राहू शकत नाही, याचं. आपण तोल गेला म्हणालो तर आपण त्याचाच मुद्दा सिद्ध करतो. उलट आपण गेटची जबाबदारी घेतली आणि म्हटलं, की ज्या बाईंनी आम्हा इतक्या धडधाकट माणसांना न उघडलेलं दार पहिल्या झटक्यात उघडलं, त्या परावलंबी कशा, तर राहतं काय? मनगट. ते तर द्यायलाच हवं. विमा कंपनीला आधी विचारावं लागेल, ते तोंड वाकडं करतील, महिनाभर वरचा मजला बंद ठेवायला लावतील. पण हे उत्तर टिकेल.

“म्हणजे खरं लिहिलं तर फायदा आहे?” नवऱ्यानं विचारलं.

“फार हुरळून जाऊ नकोस,” मामा म्हणाले. “नेहमी असं होत नाही.”

सह्या तीन व्हायच्या: घराची मालकीण, ॲपवरची यजमानीण, आणि रोजचा ताबा जिच्याकडे ती. नवऱ्याला वाटलं आपण सुटलो, तेव्हा मामांनी त्याला लिफ्टवाला म्हणून वेगळं लिहून द्यायला सांगितलं, की अशी पट्टी धोक्याची असते आणि ती मी रोज पाहत होतो. त्याचा चेहरा पडला. सूनबाईला आपण जरा दुष्ट आहोत असं वाटलं, कारण तिला बरं वाटलं.

अडून बसल्या त्या ताई. त्या खाली आल्यावर लांब जाऊन सोफ्यावर बसल्या. शेऱ्यांचे तारे जातील, ॲपवाले नाव काढून टाकतील, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग न विचारताच म्हणाल्या, ऑफिसात त्यांना आता कुणी काही विचारत नाही, नव्या पोरी स्क्रीनवरच सगळं बुक करतात. एवढी एकच जागा होती जिथे लोक त्यांना धन्यवाद म्हणत. सूनबाईला मोरीच्या जाळीतले केस आठवले आणि तरीही तिचा राग ओसरला. तिनं ताईंसाठी पाणी आणलं. ताई म्हणाल्या, तू आता सॉरी म्हणू नकोस, नाहीतर मी सही करून टाकीन.

ती म्हणाली नाही. तरीही ताईंनी सही केली. तिसरी, सगळ्यांत खाली, सगळ्यांत मोठी.

दरम्यान वर नवरा गेट काढत होता. ते काढायलाही त्याला पाच वेळा खाली येऊन विचारावं लागलं. वरच्या दाराला आतून बोल्ट बसवू, असं ठरलं. तोवर पिल्लावर डोळा ठेवायचा. तो तिनं एरवीही कधी हटवला नव्हता.

कागद तयार झाल्यावर सूनबाईनं फोन घेतला आणि सवयीनं गच्चीकडे निघाली. सासूबाई म्हणाल्या, इथेच बस, आता लपून काय करतेस. मामांनी हरकत घ्यायला हात वर केला, मग तोच हात बिस्किटांकडे वळवला. तिनं टेबलाशी बसून नंबर लावला आणि बाईंना तो परिच्छेद वाचून दाखवला.

“पुन्हा वाच,” बाई म्हणाल्या. “गेटपासून.”

तिनं पुन्हा वाचलं: गेटच्या खालच्या पट्टीला ठेच लागून अपघात झाला, पट्टी धोकादायक होती आणि ते घरच्यांना माहीत होतं, पाहुण्यांचा त्यात काही दोष नव्हता.

“‘काही’नंतर ‘ही’ लाव,” बाई म्हणाल्या. “काहीही दोष नव्हता. आणि मुलाला एक प्रत पाठवा, त्याच्या वकिलाला नाही, त्याला. आज संध्याकाळी तो येणारे, माझं कपाट रिकामं करून सामान बांधायला. त्याला वाचून दाखवते.”

सूनबाईनं मामांकडे पाहून ‘ही’ लावला. मग तिनं तोंड उघडलं, आणि बाईंनी तिला थांबवलं.

“आता माफी नको. आता लिहिलंस, तेवढं पुरे.”

फोन कानाला लावून ती बसून राहिली. इतक्या दिवसांचं सगळं बोलणं माफीवर उभं होतं. ते काढून घेतल्यावर तिला काय बोलायचं तेच सुचेना. टेबलाभोवतीचे सगळे तिच्याकडे पाहत होते. शेवटी तिनं विचारलं, “जेवलात का?”

“जेवले,” बाई म्हणाल्या. “डाव्या हातानं. अर्धं सांडलं. पण माझ्या घरात सांडलं.”